सव्वा तास, घरून घरी

इंटरनेटवर एक पान आहे. दोन विमानतळांची नावं टाकली की ते मधलं अंतर सांगतं आणि लागणारा वेळ सांगतं. बेंगळूर आणि नांदेड अशी नावं टाकली की नकाशावर एक निळी रेघ उभी राहते, ओळंबा सोडल्यासारखी सरळ, कारण नांदेड बेंगळूरच्या जवळजवळ डोक्यावरच आहे. खाली आकडे येतात. साडेसहाशे किलोमीटर आणि वर थोडं, वेळ सव्वा तास. हे पान ज्याने बनवलं तो माणूस कधी भेटला तर मी त्याला आधी चहा पाजीन आणि मग विचारीन, की बाबा रे, तू कधी नांदेडला उतरून शिरड शहापूरला गेला आहेस का?

अर्थात त्याच्यावर चिडून काही उपयोग नाही. त्याने विमानतळ ते विमानतळ एवढंच सांगितलं होतं. पुढचं मी जोडलं.

मी मूळचा वसमतचा. बेंगळूरला एका कारखान्यात मोजणीच्या खात्यात आहे. यंत्रांचे सुटे भाग तयार होऊन माझ्या टेबलावर येतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे मी बघतो. केसाच्या जाडीचा फरक निघाला तरी माल परत जातो. त्यावरून कारखान्यातले लोक माझ्या माघारी काय बोलतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. चुकीचं माप माझ्या हातून सुटत नाही, हा माझा तोरा होता. एकदाच सुटलं, तेही कारखान्यात नाही. शिरड शहापूरला, पोह्यांची बशी मांडीवर असताना.

मुलगी बघायला गेलो होतो. बैठकीत आमचे वडील, मध्यस्थ आणि मुलीचे वडील बसले होते. मुलीची आई आतल्या दाराशी उभी होती. आता त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामी म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. मामा फार बोलणारे नाहीत. हळदीला यंदा काय भाव मिळेल यावर वडिलांशी दोन वाक्यं बोलून ते गप्प झाले होते. अशा बैठकीत बायका सहसा मधे बोलत नाहीत, पण मामी दोन पावलं पुढं आल्या आणि त्यांनी थेट मला विचारलं.

“हे बेंगळूर किती लांब हाय म्हणायचं?”

वडिलांनी घसा खाकरला. “तसं बघा, रेल्वेनं निघालं तर…”

मी त्यांना तिथंच थांबवलं. रेल्वेचं पुढचं वाक्य मला माहीत होतं आणि त्या वाक्याने सोयरीक मोडली असती. आखाडा बाळापूरचं एक स्थळ त्यांच्याकडं येऊन गेलं आहे, मुलाचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, घरचं चांगलं आहे, हे मध्यस्थाने येतायेताच माझ्या कानावर घातलं होतं. आणि मला ती मुलगी आवडली होती. चहा देताना तिने माझ्याकडं बघितलं नाही, पण माझ्या वडिलांना साखर कमी हवी हे तिने न विचारता ओळखलं, एवढ्यावर मी गार झालो होतो.

“विमान हाय ना आता नांदेडहून,” मी म्हणालो. “सव्वा तास.” आणि खिशातून फोन काढून ते पान उघडून त्यांच्यापुढं धरलं.

मामींनी हात पदराला पुसले, पण फोनला हात लावला नाही. वाकून बघितलं. “हे खाली काय?”

“बेंगळूर.”

“आन् हे वर?”

“नांदेड.”

“सरळच हाय की.”

“एकदम सरळ.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “घरून घरी?”

आमच्याकडं अंतर असंच विचारतात. किलोमीटर कुणी विचारत नाही. घराचं दार ओढून घेतल्यापासून पाव्हण्यांच्या अंगणात चप्पल काढेपर्यंत किती वेळ, तेवढं अंतर. त्यात फाट्यावर यष्टीची वाट बघणं आलं, एक गाडी भरून पुढं निघून जाणं आलं, वसमतला गाडी बदलणं आलं. अंतर मोजायची इतकी चोख रीत मी कारखान्यातही बघितलेली नाही. आणि रोज मोजण्याचंच काम करणारा मी, त्या प्रश्नाला म्हणालो, “व्हय.”

एका शब्दाचं खोटं. वडिलांनी माझ्याकडं बघितलं आणि पोहे खायला लागले.

मामींचा हिशेब तिथल्या तिथं झाला. शिरड शहापूरहून हिंगोलीला यष्टीनं सव्वा तास लागतो. त्यांच्या बहिणीची मुलगी हिंगोलीला दिलेली होती, सणावाराला येत-जात होती. म्हणजे बेंगळूर हिंगोलीइतकंच. उलट बाळापूरला जायचं तर वसमतला एक गाडी बदला, पुढं दुसरी धरा, घरून घरी अडीच तास कुठं गेले नाहीत. तीन दिवसांनी होकार आला. मध्यस्थ निरोप घेऊन आला तेव्हा हसून हसून त्याला ठसका लागला होता. “बाळापूर लांब पडतं म्हणून परत लावलं हो त्यांना! आन् बेंगळूर जवळ!” आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो.

ते हसू मग पुढं दोन वर्षं मी फेडत होतो.

आता खरं माप सांगतो. बेंगळूरला आमच्या घरापासून विमानतळ हा एक वेगळाच तालुका म्हणावा इतका लांब आहे. रस्ता रिकामा असेल तर दीड तास, आणि तो रिकामा असलेला मी पाहिलेला नाही. त्यापुढं दीड-दोन तास आधी पोचा, पट्टा काढा, बूट काढा, फोन ट्रेमध्ये ठेवा, बूट घाला. मग तो जगप्रसिद्ध सव्वा तास. मग नांदेडला उतरून वसमत, आणि वसमतहून शिरड शहापूर. सगळं जुळून आलं तर सात तास. एक जरी गोष्ट हलली तर मोजायचं सोडून द्यायचं.

पण सासुरवाडीत मी ‘सव्वा तासाचे पाव्हणे’ झालो होतो. चुलत मेहुण्याच्या लेकराचं बारसं, या की, सव्वा तास तर लागतो. विहिरीवरची मोटर जळाली, जावई यंत्रातले आहेत, बोलवा, दुपारच्याला येऊन संध्याकाळी जातील. ‘जमणार नाही’ म्हटलं की पलीकडं जी शांतता पसरायची ती मला टोचायची, कारण तिचा अर्थ सरळ होता. हिंगोलीवाला जावई येतो आणि याला येववत नाही, म्हणजे याला यायचंच नाही. मी चिडायचो आणि चिडून बायकोपुढं आकडे मांडायचो. ती म्हणायची, “मला काहून सांगून राहिले? मायला तुमीच सांगितलं ना सव्वा तास?”

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांत मुलगी इतक्या वेळा आली-गेली, तर आईच्या लक्षात कसं आलं नाही? मलाही पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही विमानाने निघालो, तेव्हा बायकोने घरून फोन केला नाही, विमानतळावरूनही केला नाही. नांदेडला उतरल्यावर, गाडीत बसल्यावर तिने फोन लावला आणि म्हणाली, “माय, निघालो आमी.”

मी मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढं धरलं. “आपण पहाटे पाचला निघालोय.”

“गप बसा,” ती म्हणाली. “तिनं मला हिंगोलीइतक्या जवळ दिलंय. राहू द्या ना तसंच.”

नांदेडहून घरी सव्वा-दीड तास लागतो. म्हणजे मामींच्या बाजूने दर खेपेला माप बरोबर जुळायचं. फोन आला की त्या भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या आणि तव्यावर शेवटची भाकर असताना आम्ही दारात असायचो. खोटं मी सुरू केलं होतं, पण ते मापात ठेवायचं काम बायको करत होती.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. कणकेत पुरण भरून उकडलेले गोल धोंडे, त्यावर तूप. जावई म्हणजे त्या दिवशी नारायण, त्याचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा लावून ताम्हण हातात द्यायचं. लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे टाळायची सोयच नाही. अनारशाचे तांदूळ भिजवायचे म्हणून बायको आठ दिवस आधीच गेली. मला एका दिवसाची सुट्टी मिळाली होती, तीही वरिष्ठांपुढं नाक घासून.

निघायच्या आदल्या दिवशी बायकोने फोनवर बजावलं. “मायला नांदेडला उतरल्यावरच फोन करा. आधी नको.” मी हो हो म्हणालो. मला वाटलं नेहमीचंच आहे.

सकाळी पाचला घर सोडलं. मे महिना संपत आला होता आणि बेंगळूरला वळवाच्या पावसाने पहाटेपासून धिंगाणा घातला होता. विमानतळावर पोचेपर्यंत दोन तास गेले. आठ-वीसचं विमान होतं. आत जाऊन बसलो, पट्टा लावला, आणि तेवढ्यात फोन वाजला. मामी.

त्या स्वतःहून मला फोन करत नाहीत. जावयाला फोन करायचा त्यांना संकोच वाटतो. त्या दिवशी केला. “जावईबापू, कुठवर आले?”

दोन तास वाहनांच्या रांगेत अडकून माझं डोकं आधीच तापलं होतं. वरून हवाईसुंदरी फोन बंद करा म्हणून डोक्याशी उभी. मी घाईत म्हणालो, “विमानात बसलो मामी. निघालंच आता.” आणि फोन बंद केला.

तो फोन नंतर पावणेदोन तास बंद होता. विमान निघालं नाही. धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं आणि तिथंच राहिलं. बाहेर विजा चमकत होत्या. वैमानिकाने दोनदा दिलगिरी सांगितली. माझ्या शेजारचा माणूस घोरत होता आणि त्याचा मला राग येत होता. पावसाचा कुणावर राग काढणार? शेवटी विमान वळलं, परत जागेवर आलं आणि आम्हा सगळ्यांना उतरवून पुन्हा त्याच दालनात आणून सोडलं, जिथून मी सकाळी निघालो होतो. मी फोन सुरू केला तेव्हा दहा वाजून गेले होते. बायकोचे नऊ फोन येऊन गेले होते.

मी लावायच्या आत दहावा आला. चित्र दिसणारा. पडद्यावर बायकोचा चेहरा.

“कुठं हायेत तुमी?”

“बेंगळूरलाच. पाऊस…”

“मायला काय सांगितलं?”

“विमानात बसलो म्हणून.”

“काहून सांगितलं?” ती ओरडली. “मी काय म्हणले व्हते तुमाला? तिनं सव्वानवाला सुई घेतली. तुमी साडेनवाला पोचताल म्हणून!”

मला समजायला क्षणभर लागला. मामींना साखरेचा आजार आहे. त्या स्वतःच पोटात सुई टोचून घेतात, रोज सकाळी, जेवायच्या आधी. वसमतच्या डॉक्टरांनी त्यांना एकच गोष्ट घटवून सांगितली आहे, सुई घेतली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलं पाहिजे. त्या ते इतक्या काटेकोरपणे पाळतात की माझ्या खात्यात त्यांना नोकरी मिळेल. आणि त्या दिवशी जावई जेवल्याशिवाय सासूने जेवायचं नाही. म्हणून त्यांनी हिशेब घातला. आठ-वीसला निघालं, सव्वा तासाने घरी, नऊ-पस्तीस. पाय धुवून पाटावर बसायला दहा मिनिटं. सव्वानऊला सुई बरोबर बसते. बायको तेव्हा शेजारच्या वाडीतून केळीची पानं आणायला गेली होती. ती आली तोवर सुई टोचून झाली होती.

“दाखव त्यांना,” मी म्हणालो.

बायकोने फोन फिरवला. मामी नवं लुगडं नेसून, पाटापुढं भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा घामाने निथळत होता आणि हात थरथरत होते. मामा शेजारी गुळाच्या पाण्याचा तांब्या धरून उभे होते.

“मामी, आधी ते पाणी प्या.”

“तुमी जेवल्याबिगर कसं?” आवाज बारीक झाला होता. “पयलाच धोंडा हाय. कुठवर आले? वसमत सोडलं का?”

“मामी, तकलीफ होईल. प्या ना.”

“न्हाई व्हत काई. येऊन राहिले ना तुमी. थांबते मी.”

साडेसहाशे किलोमीटरवर, काचेच्या भिंतीआड, मी नुसता उभा होतो. इतका नालायक मी आयुष्यात स्वतःला कधी वाटलो नाही. बायको रडत रडत आईला दटावत होती. मामांनी तांब्या तोंडाशी नेला तर मामींनी हाताने बाजूला सारला. त्यांचं डोकं पुरतं ठिकाणावर नव्हतं, पण एवढी एक गोष्ट त्यांनी घट्ट धरून ठेवली होती. मी जेवायला हवं होतं.

जेवायला. मी इकडं तिकडं बघितलं. समोर खाण्याचा एक ठेला होता, आणि काचेमागं एकावर एक रचलेल्या पिवळ्या पोळ्या. ओबट्टू. बेंगळूरची पुरणपोळी. दोन वर्षांत मी तिला दहा वेळा नावं ठेवली होती, आपल्यासारखी नाही, जाड असते, वेलदोडा जास्त. रांगेत पुढं एकजण कॉफी घेत होता आणि कोणतं दूध वापरता याची चौकशी करत होता. मी त्याला खांद्याने बाजूला सारलं. तो इंग्रजीत काहीतरी बोलला. मी मराठीत बोललो. ठेल्यावरच्या मुलीने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता ओबट्टू कागदावर ठेवून पुढं केली.

“मामी, हे बघा,” मी ती फोनसमोर धरली. “पुरण हाय यात. डाळ-गुळाचं.”

त्यांनी डोळे बारीक केले. “कुठं हाटेलात थांबले का?”

“व्हय.”

“तूप हाय का वर?”

मी त्या मुलीकडं वळलो आणि तूप, तूप म्हणून ओरडलो. तुपाला कानडीत तुप्पाच म्हणतात हे माझं नशीब. तिने छोटी वाटी ओतून दिली. “तूप बी हाय मामी.”

“मंग खावा.”

मी खाल्लं. उभ्याने, एका हातात फोन धरून, कोपरापर्यंत तूप ओघळत. तिला ठेवलेली नावं, माझी मापं, माझा तोरा, सगळं त्या घासाबरोबर खाली गेलं. सकाळपासून जे काही साठलं होतं ते डोळ्यांतून यायला लागलं आणि आजूबाजूचे लोक बघत होते. मामीही बघत होत्या, एकटक. “अजून एक घास,” त्या म्हणाल्या. “समदी खावा.” मी सगळी खाल्ली. रिकामा कागद त्यांना दाखवला. तेव्हा कुठं त्यांनी मामांच्या हातातला तांब्या तोंडाला लावला. बायकोने धोंडा मोडून त्यांच्या तोंडात घास घातला, मग दुसरा. फोन कुठंतरी आडवा ठेवला गेला आणि मला नुसतं पत्र्याचं छत दिसायला लागलं. छताकडं बघत मी वीस मिनिटं उभा होतो. मग बायकोचा आवाज आला, “बरी हाय आता. बोलून राहिली.” तेव्हा मी खाली बसलो.

विमान दोनला सुटलं. साडेतीनच्या आसपास नांदेडला उतरलो. जीप मिळाली, वसमतला आलो, तिथं यष्टीला पाऊण तास थांबलो. शिरड शहापूरला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते आणि ऊन अजून अंगणात होतं.

मामी दारात उभ्या होत्या. रंग परत आला होता. मला म्हणाल्या, “आले का.” दुसरं काही नाही. पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. मी नको नको म्हणत होतो, तर मामा पहिल्यांदाच माझ्याशी जरा जोरात बोलले, “करू द्या तिला.” ताम्हणात दिवा आणि तेहतीस अनारसे. मग पान वाढलं. सकाळचे धोंडे पुन्हा वाफवून घेतले होते. मामी समोर बसल्या आणि बायको तुपाचं भांडं घेऊन त्यांच्या मागं उभी राहिली.

मी पहिला घास घेतला. मामींनी विचारलं, “घरून किती वाजता निघाले व्हते?”

बायकोने मागून मान हलवली, नको म्हणून. मला तिचं म्हणणं कळत होतं. पण सकाळचा तो घामाने निथळलेला चेहरा मी बघितला होता आणि पुढच्या वेळी सुई घेताना त्या पुन्हा माझाच आकडा धरणार होत्या.

“पाचला,” मी म्हणालो.

“सकाळच्या?”

“सकाळच्या.”

त्यांनी एकेक बोट दुमडत मोजायला सुरुवात केली. सहा, सात, आठ. ओठ हलत होते. एक हात संपला, दुसरा घेतला, तोही संपला आणि पुन्हा पहिल्या हातावर आल्या. तेरा.

“आज पाऊस व्हता माय,” बायको घाईने म्हणाली. “रोज न्हाई लागत येवढं.”

“रोज किती लागतेत?” त्यांनी विचारलं मला, तिला नाही.

“सात. सगळं बराबर जुळलं तर.”

“घरून घरी?”

“व्हय.”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागावल्या नाहीत. त्यांनी वळून मुलीकडं बघितलं, बराच वेळ. बायको मान खाली घालून उभी होती. मग मामींनी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि माझ्या पानावर तूप वाढलं, पुरे म्हणालो तरी वाढत राहिल्या.

“बाळापूरवाल्यांना मी लांब म्हणून परत लावलं,” त्या म्हणाल्या. “खावा. गार होऊन राहिलं.”